बारवेचं पाणी भिंगाखाली

शाळांतल्या शास्त्रप्रदर्शनांवर माझा राग आहे. हा म्हातारपणाचा राग आहे असं घरचे म्हणतात; म्हणोत बापडे. अमळनेरच्या एका हायस्कुलात मी शास्त्र शिकवत होतो, त्या काळी स्नेहसंमेलनाला जोडून दर साल प्रदर्शन भरायचं आणि आधीचा महिनाभर माझ्या नाकी नऊ यायचे. मुलं रॉकेलच्या डब्याचं वाफेचं इंजिन करायची. ते चालायचं नाही. पुठ्ठ्याचा पेरिस्कोप करायची, त्यातून भिंतीपलीकडचं काही न दिसता बघणाऱ्याला स्वतःचंच नाक दिसायचं. विजेची घंटा मात्र एकदा वाजायला लागली की थांबायची नाही, आणि पाहुण्यांना तिच्यावर आवाज चढवून भाषण करावं लागायचं. पालक यायचे, आपला मुलगा कुठे उभा आहे, त्याचा सदरा स्वच्छ आहे ना, एवढं बघायचे आणि चहा पिऊन जायचे. कोणी काही शिकून गेल्याचं मला आठवत नाही.

एका वर्षी मात्र लोक खरोखरच शिकून गेले. ते वर्ष आठवलं की मला वाटतं, न चालणारी इंजिनंच बरी होती.

लढाईचे दिवस होते. काचेच्या नळ्या मिळेनात, स्पिरिट मिळेना, रॉकेलची तर बोंबच. मुख्याध्यापकांनी बजावलं, 'या खेपेला जे काय करायचं ते घरच्या वस्तूंतून.' वर्गात मी हे सांगितलं तेव्हा नेहमीच्या इंजिनवाल्यांचे चेहरे पडले. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा माझ्यामागे व्हरांड्यात आला. बोरी नदीपलीकडच्या एका खेड्यातून तो रोज चालत यायचा. हुशार म्हणावा असा नव्हता. गणितात तर गाढवच होता, आणि मी त्याला तसं म्हणतही असे. त्याने विचारलं, "सर, पाण्यातला नारू दाखवता येईल का?"

"नारू पायात असतो रे गाढवा."

"पायात येतो तो पाण्यातून येतो, असं पुस्तकात आहे. तुम्हीच वाचून दाखवलं होतं."

आजच्या वाचकाला नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, हे किती चांगलं आहे. नारू म्हणजे सुतासारखा पांढरा, हातभर लांब किडा. विहिरीच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा एक प्राणी असतो, त्याच्या पोटात नारूची पिल्लं असतात. ते पाणी प्यायलं की पिल्लू माणसाच्या अंगात वाढतं आणि जवळपास वर्षाने, ऐन उन्हाळ्यात, बहुधा पायाला फोड आणून बाहेर डोकावतं. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो. त्याच क्षणी नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो, आणि चक्र पुन्हा सुरू. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली आणि नारू आत तुटला, तर पाय सुजतो, पिकतो. माणूस लंगडा होतो, कधी जातोही. यात सगळ्यात वाईट म्हणजे पायऱ्यांची विहीर, कारण तिथे दुखऱ्या पायाचा माणूस सरळ पाण्यात उतरतो. त्या मुलाच्या गावाला अशी एकच बारव होती.

मी विचारलं, "तुला हेच का सुचलं?" तो मग शाळेतलं मराठी सोडून एकदम घरच्या बोलीत म्हणाला, "मन्ही अक्का, सर. दोन सालपाई तिले नारू निंघस."

त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न लहानपणीच लागलं होतं. नांदायला पाठवायच्या सुमाराला तिला नारू झाला. पुढच्या वर्षी पुन्हा झाला, आणि या खेपेला तो आत तुटला. अख्खा उन्हाळा ती खाटेवर होती. जीव वाचला, पण गुडघा आखडला. सासूने निरोप धाडला होता की दोन आखाज्या पाय स्वच्छ राहू दे, मग नेऊ. नाहीतर मुलासाठी दुसरी बघू. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. या मुलीला मात्र दोन आखाज्या पार पाडायच्या होत्या त्या सासरी जाता यावं म्हणून. आणि मुलाच्या मनात होतं की गावच्या जाणत्यांना एकदा पाण्यातले किडे डोळ्यांनी दाखवावेत, म्हणजे ते बारवेच्या पायऱ्या बुजवतील, वर कठडा बांधून रहाट बसवतील, आणि पुन्हा कोणाचा पाय पाण्यात जाणार नाही.

मला प्रदर्शनांचा तिटकारा असला तरी हा विचार मला फार आवडला. मी त्याला तसं सांगितलं नाही.

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता, पितळी, मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात. आम्ही त्याला भिंग म्हणायचो. तो मागून घ्यायला मला आठवडाभर हांजी हांजी करावी लागली. मग पाण्याचा प्रश्न. मुलगा तांब्याभर पाणी घेऊन आला, त्यात काहीच सापडेना. दुसऱ्यांदा आणलं, त्यातही काही नाही. शेवटी एका रविवारी सायकल काढून मी स्वतः त्याच्या गावी गेलो. बारव जुनी, दगडी, खोल. पायऱ्या वळण घेऊन खाली जात होत्या, त्यामुळे तळाशी कोण उभं आहे ते वरून दिसत नव्हतं. त्याची बहीण भिंतीला हात लावत, एकेक पायरी बसून उतरत आमच्याबरोबर आली. लांब मानेची, हसऱ्या तोंडाची मुलगी. आम्ही फडक्यातून कळशीमागून कळशी पाणी गाळलं आणि फडक्यावर उरलेलं तेवढं बाटलीत धुऊन घेतलं. बाटली उन्हात धरल्यावर ठिपके उड्या मारताना दिसले. ती म्हणाली, "मास्तर, माले बी दखाडशात का?" मी म्हटलं, तुलाच आधी दाखवू.

फडक्याची ही युक्ती माझी नव्हती. गावात एका मारवाडी जैन दुकानदाराचं घर होतं. त्या घरात आजवर कोणाला नारू झालेला नव्हता, आणि गाव म्हणायचं की ही त्यांची पुण्याई. मुलाने दुकानदाराच्या बायकोला विचारलं तेव्हा तिने त्याला दुहेरी गाळणं दाखवलं. त्यांच्या धर्मात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. आणि गाळण्यावर जे जीव राहतात ते फेकत नाहीत. थोड्या पाण्यात सोडून, ज्या विहिरीचे त्याच विहिरीत परत नेऊन सोडतात. वरून ओतायचं नाही, जीव आपटतील. भांडं पाण्याला टेकवून हळूच कलतं करायचं. त्या पाण्याला ती जिवाणी म्हणायची. मुलाने हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघं खूश झालो. पुण्याईचं गुपित दुहेरी कापडात होतं, याहून चांगला पुरावा कोणता हवा? जिवाणीकडे आम्ही तेव्हा लक्ष दिलं नाही, आणि देण्यासारखं तेव्हा काही नव्हतंही.

मातीच्या दोन बारवा केल्या. एक होती तशी, एक हवी तशी. 'होती तशी' करताना मुलाने एवढा जीव ओतला की तिची प्रत्येक पायरी, निखळलेला दगड, कोनाड्यातला देवसुद्धा जागच्या जागी होता. 'हवी तशी' मात्र नुसता एक कठडा आणि वर सुताच्या रिळाचा रहाट. मी म्हटलं, 'अरे, हिच्याकडेही जरा लक्ष दे.' पण न पाहिलेली विहीर तो कुठून घडवणार!

प्रदर्शनाच्या दिवशी त्याच्या गावचे लोक दोन गाड्या जोडून आले. पुढे पाटील, सगळे त्यांना आबा म्हणत. भिंग मी खिडकीत लावलं होतं, खालच्या आरशावर ऊन येईल असं. बोलल्याप्रमाणे आधी बहिणीला बसवलं. ती बराच वेळ डोळा लावून राहिली आणि एकदम हसली, "याले तं एकच डोया शे!" तो प्राणी खरंच एका डोळ्याचा असतो, पोरं आणि मी त्याला एकडोळ्याच म्हणत होतो. मग आबा वाकले. पागोटं आड येत होतं ते त्यांनी काढून हातात घेतलं. "मास्तर, हाई आम्हनं पानी शे?"

"तुमच्याच बारवेचं."

"देखा रे, देखा. कशा पळी ऱ्हायनात बठ्ठा. ह्या जीव आम्ही रोज पोटमा घालतस?"

माणसं एकामागून एक वाकली. मुलगा धडाधड बोलत होता: नारू, पिल्लं, दुखरा पाय, पायऱ्या, रहाट. आबांनी दोन्ही मातीच्या बारवा पाहिल्या आणि म्हणाले, पिकं निघाली की बघू, रहाट काही अवघड नाही. मुलाने माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी बक्षीस समारंभ. अध्यक्ष होते अमळनेरातलेच एक जैन शेठजी, शाळेच्या इमारतीला मोठा हातभार लावलेले. अत्यंत सज्जन माणूस. हे मी उपरोधाने म्हणत नाही. त्यांनीही भिंगातून पाहिलं होतं, आणि ते फार हेलावले होते. भाषणात ते म्हणाले, "आमचे वाडवडील सांगत आले की पाण्यात जीव आहेत. आज या मुलाने ते डोळ्यांना दाखवले. बंधूंनो, पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या. तुमचाही जीव वाचेल आणि त्यांचाही. फक्त गाळलेले जीव टाकून देऊ नका. जिथले तिथे, हळूच, परत पाण्यात सोडा." त्यांनी मुलाला चांदीचा बिल्ला दिला आणि त्याच्या गावासाठी मांजरपाटाचा एक अख्खा तागा जाहीर केला. लढाईत कापड काय भावाने मिळत होतं ते त्या काळच्या माणसांना विचारा. टाळ्या थांबेनात.

मीही वाजवल्या. गाळून प्या, हे तर आमचंच म्हणणं होतं.

तागा गावात पोचला. घरोघरी तुकडे वाटले गेले, आणि खरं सांगायचं तर कोणत्याही सरकारी माणसाने सांगून झालं नसतं ते त्या गावात झालं. बायका पाणी गाळू लागल्या. भिंगातून पाहून आलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगितलं, त्यांनी आणखी तिखटमीठ लावलं. पाण्यात डोळे असलेले जीव आहेत, ते आपल्याकडे बघतात. त्यांना मारायचं कसं? सगळ्या घरांची जिवाणी एका घागरीत गोळा व्हायची आणि कोणीतरी ती बारवेत नेऊन सोडायचं. वरून दोरीला बांधून घागर सोडली तर ती आपटते. म्हणून पायऱ्या उतरून जायचं, शेवटच्या पायरीवर पाण्यात उभं राहायचं आणि घागर हळूच कलती करायची. पिकं निघाली. मुलाने आबांना रहाटाची आठवण केली. आबा म्हणाले, पायऱ्या बुजवल्यावर जिवाणी सोडायला जायचं कुठून?

आणि जिवाणी सोडायचं काम त्याच्या बहिणीकडे आलं. तिला कोणी लावलं नाही. आखडलेल्या पायाने भरलेली घागर वर आणता येत नव्हती, शेतात जाता येत नव्हतं; हे एक काम ती बसत उतरत करू शकत होती. शिवाय ते पुण्याचं. सासरहून आलेलं बोलणं मनाला लागलेल्या मुलीला पुण्य नको का असणार? ऐन उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा ती दुपारभर बारवेतच असायची, कारण खाली गारवा होता आणि वारंवार चढउतार तिला झेपत नव्हती. नारू निघालेली माणसंही तिथेच पाय गार करत बसलेली असायची.

मुलाला मी विचारलं, ती खाली असताना पाणी पीत नाही ना? तो म्हणाला, "रोज बजावतो, सर. ती म्हणते, पीत नाही."

त्या वर्षीच्या आखाजीला तिचा पाय स्वच्छ राहिला. मुलगा फडक्यात पेढे बांधून माझ्या घरी आला. माझ्या तोंडाला शास्त्राची खाज. मी त्याला म्हटलं, 'हा हिशोब मागल्या उन्हाळ्याचा आहे रे. मागल्या उन्हाळ्यात ती खाटेवर होती, आजारी म्हणून उकळलेलं पाणी पीत होती, बारवेत गेलीच नव्हती. यंदाचं पुढल्या वर्षी कळेल.' त्याचा चेहरा उतरला. पेढा हातातच राहिला. पण त्यानंतर तो रोज सकाळी तिच्यासाठी गाळलेल्या पाण्याची लोटी बारवेत नेऊन ठेवू लागला. ती लोटी दुपारपर्यंत संपायची, आणि दुपार आमच्याकडे किती लांब असते ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको.

गावात मात्र पुढल्या उन्हाळ्यात नारू खरंच कमी झाला. ज्या घरांत वर्षाला दोघे-तिघे लंगडत असत, तिथे कोणी नव्हतं. आबा बाजाराला आले की मला गाठून सांगायचे. शेठजींनाही आनंद झाला. मुलगा मॅट्रिकला बसला होता. सासरकडून निरोप आला की आखाजी झाली की लगेच न्यायला येतो, लुगडं घेऊन ठेवलं आहे.

आखाजीच्या थोडे दिवस आधी तिच्या घोट्याला फोड आला. तिने तो कोणाला दाखवला नाही. लुगड्याच्या ओच्याआड झाकून ती कामं करत राहिली. फोड फुटला, टोक बाहेर आलं. काडीला गुंडाळून रोज थोडं ओढायचं, हे तिला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्याला दिवस लागतात, आणि तिच्याजवळ दिवस नव्हते. तिने दाराआड बसून तो एका दमात ओढला. तुटला. पोटरी सुजून काळी पडली, तरी ती सांगेना. शेवटी दातखीळ बसली तेव्हा घरच्यांना कळलं. धनुर्वात झाला होता. बैलगाडीतून अमळनेरच्या दवाखान्यात आणली, पण डॉक्टरांनी हात टेकले. मी पोचलो तेव्हा मुलगा व्हरांड्यात बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "सर, ती आतेबी रडस नही." थोड्या वेळाने आतून त्याच्या आईचा आक्रोश ऐकू आला.

मला कोणी विचारतं, तुम्हाला अपराधी वाटत नाही का? नाही वाटत. मी जे दाखवलं ते खरं होतं. शेठजींनी जे सांगितलं त्याने कितीतरी पाय वाचले. तिच्या सासूनेही कुठल्याही सासूने मागितलं असतं तेवढंच मागितलं. मला राग येतो तो हाच. दोष द्यायला कोणी सापडत नाही आणि मुलगी गेलेली आहे. ज्या एका माणसासाठी आम्ही ते सगळं मांडलं, तेवढं एक सोडून सगळ्यांना त्याचा उपयोग झाला.

तेरावं झाल्यावर मी गावी गेलो. सरळ आबांच्या ओट्यावर जाऊन म्हणालो, आतातरी पायऱ्या बुजवा. आबा त्या मुलीसाठी खरोखर रडलेले होते, डोळे सुजलेले दिसत होते. ते म्हणाले, "आते पायऱ्या बुजाई टाक्यात तं त्या जीवसले खाले कोन पोचाडी? तुम्हीच दखाडं ना मास्तर, त्यासले जीव शे म्हनीसन."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही. आबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि उठून मला पाणी आणायला आत गेले. ते पाणी गाळलेलं होतं.

मुलगा मला सोडायला वेशीपर्यंत आला. वाट बारवेवरून होती. एक नऊ-दहा वर्षांची चुणचुणीत पोर डोक्यावर जिवाणीची घागर घेऊन आली, आम्हाला बघून लाजली. मुलाने तिला थांबवलं. "तठलं पानी पिऊ नको."

"नही भाऊ, पीत नही मी," ती म्हणाली आणि टणाटण उड्या मारत पायऱ्या उतरून वळणाआड गेली. आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो. खाली पाणी हललेलं ऐकू आलं. थोड्या वेळाने ती रिकामी घागर घेऊन वर आली, तेव्हा तिची हनुवटी ओली होती.